चंद्राबाईच्या जागी बसवलेला पंख

मी एक जुना पंख आहे. कावळ्या-चिमणीचा नव्हे, मोटरबोटीचा. बोटीला पंख कुठून आले, असं म्हणून लगेच हसू नका, मित्रांनो. आपण कोण, हे समजावून सांगण्यातच माझं निम्मं आयुष्य गेलं आहे.

तर नीट ऐका. लहान मोटरबोटीचं इंजिन मागच्या फळीला बाहेरून अडकवलेलं असतं. त्याचा खालचा भाग पाण्यात असतो आणि तिथं प्रोपेलर फिरतो. प्रोपेलरच्या वर एक आडवी पट्टी असते. त्या पट्टीच्या डाव्या बाजूला मी आणि उजव्या बाजूला माझा जुळा भाऊ. बोट पळू लागली की पाणी आमच्या अंगावरून जोरात वाहतं आणि आम्ही बोटीची मागची बाजू उचलून धरतो. मागची बाजू वर आली की पुढचं नाक खाली येतं आणि बोट सरळ धावते. एवढंच आमचं काम.

माझा जन्म कन्नड मुलखातल्या बोम्मसंद्र्याच्या एका छोट्या कारखान्यात झाला. मला घडवलं बसवंत नावाच्या फिटरनं. तो मूळचा निपाणीचा, घरी मराठी बोलणारा आणि शॉपफ्लोअरवर कन्नड. एका साहेबाच्या बोटीवर त्यानं असे पंख पाहिले होते. तेव्हापासून ते त्याच्या डोक्यातून जाईनात. सुपरवायझरला विचारून त्यानं ॲल्युमिनियमच्या उरल्यासुरल्या पत्र्यातून आम्हाला कापलं, व्हाइसच्या जबड्यात धरून वाकवलं, कानशीनं घासलं आणि धार जाईपर्यंत पॉलिश पेपर मारला. जेवणाची सुट्टी त्यानं आमच्यातच घालवली. बरोबरीचे लोक म्हणायचे, "काय बसू, विमान बांधतोस काय?" तो नुसता हसायचा. त्याच्या हाताची ऊब मला अजून आठवते.

हे सगळं कशासाठी, ते सांगतो. बसवंतची थोरली बहीण चंद्राबाई आणि तिचा नवरा गुंडो बेळ्ळंदूरच्या तळ्याकाठी राहायचे. तिथं तळ्याला केरे म्हणतात. तेव्हा काठानं भाताची शेतं होती आणि रिंग रोडचं काम नुकतंच कुठं चाललं होतं. मासेमारीच्या ठेकेदारानं गुंडोला राखणीला ठेवलं होतं. कुणी चोरून जाळी टाकू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ मोटरबोटीतून तळ्याला फेरी मारायची, हे त्याचं काम. पण गुंडो अंगानं चांगला भरलेला. तो मागं बसला आणि त्यानं इंजिन वाढवलं की बोटीचं नाक आभाळाकडं जायचं आणि त्याला समोरचं काही म्हणता काही दिसायचं नाही. मग पुढच्या टोकाला वजन म्हणून कोण बसायचं? चंद्राबाई. पाणी अंगावर घेत ती पुढं बसायची आणि हातानं डावीकडं, उजवीकडं दाखवायची.

बहिणीला असं भिजताना बसवंतनं एकदा पाहिलं आणि डोक्यातले ते पंख आता बनवायचेच, असं ठरवलं. त्या वर्षी भाऊबीजेला तिनं त्याला ओवाळलं तेव्हा त्यानं तबकात साडी ठेवली नाही, पाकीटही ठेवलं नाही. आम्हा दोघांना ठेवलं.

"अक्का, आता तू भिजायचं न्हाईस," तो म्हणाला. "हे लावलं की नाक आपोआप खाली बसतंय. तू घरात निवांत राहा."

चंद्राबाईनं आम्हाला हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं. "चांगलं केलंयस रे," ती म्हणाली आणि आत निघून गेली. मला वाटलं, आनंदानं डोळे भरून आले असतील. मी तेव्हा नवा होतो, मला काय कळतंय!

दुसऱ्याच दिवशी बसवंत ड्रिल घेऊन काठावर हजर. गुंडोचा जीव वर-खाली होत होता. "स्वल्प थांब रे बसू. ठेकेदाराचं इंजिन हाय. भोक चुकलं तर?"

"दाजी, पत्र्यात भोकं पाडण्यातच माझा जन्म चाललाय," बसवंत म्हणाला. त्यानं आधी दोरीनं माप घेतलं, आम्ही दोघं एका रेषेत आहोत की नाही ते पाहिलं आणि मग पट्टीत भोकं पाडून आम्हाला गंज न धरणाऱ्या बोल्टांनी आवळलं. ते म्हातारं, खोकणारं इंजिन माझ्यावर फार चिडलं होतं. मी गप्प बसलो. नव्यानं घरात येणाऱ्यानं गप्पच बसावं.

आणि मग पाणी! मित्रांनो, ते कसं सांगू? गुंडोनं मूठ पिळली, तळं माझ्या पाठीवरून सुसाट धावलं, आणि मी नुसता तिथं असण्यानं बोट उचलली गेली. नाक खाली आलं. गुंडो ओरडला, "बसू, पलीकडचा काठ दिसतोय की रे!" त्या दिवशी सगळ्या काठानं माझं कौतुक केलं. मी फुगलो. पहिली फेरी संपायच्या आतच पाण्यावर माझं प्रेम जडलं होतं.

मी पाण्याखाली असतो, त्यामुळं माणसं मला पायांवरून ओळखता येतात. रोज बोट सुटताना काठाच्या पायरीवर दोन पाय पाण्यात उभे असायचे. जोडवी घातलेले, टाचांना भेगा पडलेले. कपडे धुवायला आले म्हणायचे, पण कपडे धुवून झाले तरी बोट लांब जाईपर्यंत ते हलायचे नाहीत. ते चंद्राबाईचे पाय होते.

मी इंजिनाला विचारलं, "ही का उभी राहते?"

ते खोकत म्हणालं, "तुझ्यामुळं, शहाण्या."

मग त्यानं मला सगळं सांगितलं. गुंडोचं घर म्हणजे एक खोली. त्यात त्याची आई, दोन पोरं, आणि गावाकडून नोकरी शोधायला आलेलं कुणी ना कुणी. त्या घरात नवरा-बायकोला दोन शब्द बोलायला जागा नव्हती. फेरी अर्धी झाली की गुंडो तळ्याच्या मध्यावर इंजिन बंद करायचा. चंद्राबाई पुढून तोंड वळवून बसायची, पदरातले चिरमुरे काढायची, आणि दोघं बोलायची. आईच्या औषधाबद्दल, पोरांच्या शाळेबद्दल, कधी नुसतं निपाणीच्या बाजाराबद्दल. एकदा ती गायलीही होती, असं इंजिन म्हणालं. दिवसभरातली तेवढीच जागा तिची होती, आणि तीच आम्ही घेतली होती.

मला फार वाईट वाटलं. पण पाणी सोडावं असं वाटलं का? नाही वाटलं.

गुंडोचंही काही बरं चाललं नव्हतं. एकदा जुन्या सवयीनं त्यानं मध्यावर इंजिन बंद केलं आणि मागं अडकलेलं गवत काढायला ते वर उचललं. मी पाण्याबाहेर आलो आणि मला तो दिसला. त्याच्या हातात चिरमुऱ्यांची पुडी होती. रिकाम्या टोकाकडं त्यानं बराच वेळ पाहिलं. मग पुडी न उघडताच खिशात घातली आणि दोरी ओढून इंजिन चालू केलं. फेरी आता लवकर संपत होती आणि तो लवकर घरी पोचत होता, त्या भरलेल्या खोलीत.

पुढं एका सकाळी चंद्राबाई येऊन टोकावर बसली. गुंडोनं लगेच दोरी ओढली. मला वाटलं, बरं झालं, आता सगळ्यांचंच भागेल. पण बोट पळू लागली तसं आम्ही मागून उचललं, पुढून तिचं वजन, आणि नाक थेट पाण्यात घुसलं. तळ्याचं पाणी तिच्या डोक्यावरून आत आलं. गुंडोनं कसंबसं इंजिन मंद करून बोट काठाला आणली. "उतर बाई," तो म्हणाला, "न्हाईतर दोघं बी बुडू." ती उतरली. नखशिखान्त भिजलेली, पदर पिळत. त्या दिवशी मला कळलं की त्या बोटीत एक तर ती राहील नाहीतर मी.

तुम्ही म्हणाल, मग पंख काढून टाकायचे! अहो, पण ओवाळणी परत कशी करायची? भावानं जिवापाड मेहनत करून दिलेलं बहिणीनं नको म्हणायचं? आणि "मला बायको बोटीत हवी" असं मेव्हण्याला सांगायला गुंडोची जीभ उचलेना. तेरी भी चूप, मेरी भी चूप. दोघंही मनातल्या मनात झुरत राहिली.

उगादीला, म्हणजे आपल्या पाडव्याला, बसवंत आला. आपलं काम कसं चाललंय ते बघायला बोटीतून एक फेरी मारून आला आणि खुशीत पायरीवर उतरला. चंद्राबाई तिथंच पाण्यात उभी होती.

"मग अक्का, आता घरात निवांत ना?"

"घर कधी निवांत असतंय रे," ती म्हणाली. पाण्यात तिच्या पायाची बोटं आवळलेली मला दिसली. "बसू, मला तिथं बसायला आवडायचं."

"भिजायला?"

"भिजायला बी. ह्यांच्याशी बोलायला बी."

बसवंतनं खांद्यावरची पिशवी पायरीवर ठेवली. "मग सांगायचं न्हाई का?"

"तू एवढ्या हौसेनं केलेलं. कसं सांगू?"

गुंडो मागं इंजिनाशी उगाचच काहीतरी करत होता. तो हळूच म्हणाला, "मी सांगणारच होतो."

"कधी?" चंद्राबाईनं विचारलं.

"पुढल्या दिवाळीला."

बसवंत आधी रागावला असावा. मग म्हणाला, "दाजी, टोकाला वाळूचं पोतं ठेवून बघितलं असतं तरी माझे पंख लागले नसते. ते का न्हाई केलं?"

"पोत्याशी काय बोलू?" गुंडो म्हणाला.

बसवंतनं पिशवीतून पाना काढला. "सरी, ठीक हाय. पाय काढ अक्का, इंजिन वर घेतो."

बोल्ट सैल होताना मी पट्टीला धरून राहायचा प्रयत्न केला, हे खोटं नाही. पण मला ज्यानं बसवलं होतं तोच काढत होता. माझं काय चालणार? त्यानं आम्हाला धोतराच्या फडक्यानं पुसलं आणि पायरीवर ठेवलं. तिथून मी आयुष्यात पहिल्यांदा आपली बोट अख्खी पाहिली. चंद्राबाई पदर खोचून पुढं चढली. गुंडोनं मूठ पिळली. नाक जरा वर, बोट जरा वाकडी, पाण्याचा फवारा तिच्या तोंडावर. आम्ही असतो तर किती सरळ गेली असती! तळ्याच्या मध्यावर इंजिनाचा आवाज बंद झाला. बसवंत पायरीवर बसून वाट पाहत राहिला. ऊन चढलं तरी ती दोघं परतली नाहीत, आणि त्यानंही हाक मारली नाही.

आता आम्ही दोघं बसवंतच्या खाटेखाली एका पत्र्याच्या पेटीत असतो. त्यानं आम्हाला विकलं नाही की भंगारात दिलं नाही. कधीमधी तो पेटी उघडतो, आमच्यावरून बोट फिरवतो आणि पुन्हा झाकण लावतो. बाहेर नळाला पाणी आलं की माझ्या पाठीला ते सुसाट धावणारं तळं आठवतं. पाण्याची आस काही सुटत नाही, मित्रांनो.

तेव्हा माझं एवढं ऐका. कुणी ओझं उचलताना दिसलं तर मदत जरूर करा. पण आधी त्याला विचारा, आणि उत्तर यायला वेळ लागला तर थांबा. चंद्राबाईला तर कुणी विचारलंच नव्हतं. मलाही पायरीवर ठेवताना कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी "नको, मला पाण्यात राहू द्या" म्हणालो असतो. तरीही त्यांनी मला काढायलाच हवं होतं. फक्त एकदा विचारायला हवं होतं.