नको म्हणायची सोय

मी एक जुना ब्राउझर आहे आणि या घरात माझ्यावाचून पान हलत नव्हतं. पान म्हणजे इंटरनेटवरचं. बाकीची पानं, म्हणजे कुंडीतल्या रोपांची किंवा भिंतीवरच्या कॅलेंडरची, पंख्याच्या वाऱ्यानं हलत असत आणि त्यात माझा काही हात नव्हता.

मित्रांनो, संगणकावर बसून जग बघायची जी खिडकी, ती मी. लोक खिडकीतून बाहेर बघतात, खिडकीकडे बघत नाहीत. तिची विचारपूस तर कोणीच करत नाही. म्हणून आपण होऊनच सांगतो आहे.

माझा जन्म एका जागी झाला नाही. एकमेकांना कधीही न भेटलेली पुष्कळ माणसं आपापली नोकरी उरकून, आपापल्या घरी बसून मला घडवत होती. त्यांचं आपसांत फारसं पटत नसे. एकाला बटण डावीकडे हवं असे, दुसऱ्याला उजवीकडे. शेवटी वाद घालून सगळे थकले आणि असं ठरलं की बटण कुठे हवं ते वापरणाऱ्यानंच सांगावं. अशा रीतीनं, निव्वळ कंटाळ्यातून, माझ्या अंगी तो गुण आला ज्याचा मला पुढे अभिमान वाटू लागला. मला सांगाल तसा मी वागतो. अक्षर केवढं, रंग कोणता, चित्रांनी हलावं की गप्प बसावं, हे एकदा सांगितलं की मी पुन्हा विचारत नाही.

मला या घरात आणलं काकूंनी. काकू भाषांतरकार आहेत. कथा-कादंबऱ्यांच्या नव्हे. यंत्रं माणसांशी जे चार शब्द बोलतात, 'रद्द करा', 'पुढे चला', 'पुन्हा प्रयत्न करा', ते मराठीत आणायचं त्यांचं काम. हे शब्द कोणीतरी बसून लिहितं, हेच लोकांना ठाऊक नसतं. 'साठवा' म्हणावं की 'जतन करा', यावर त्या सकाळभर विचार करत आणि मग स्वयंपाकघरात भाजी चिरत बसलेल्या काकांना विचारत. काका म्हणत की धान्य साठवतात आणि जुनी पत्रं जतन करतात, तुझं काय आहे? काकू म्हणत, सहलीचे फोटो. मग काहीही लिही, काका म्हणत, पुन्हा कोण बघतंय.

काकूंच्या डोळ्यांना मधोमध झीज लागली होती. कडेचं दिसायचं, समोरचं विरत जायचं. समोरच्या माणसाचे कान दिसत, नाक दिसत नसे. बऱ्याच जणांच्या बाबतीत ही सोयच आहे, असं त्या म्हणत. आधी वर्तमानपत्र सुटलं, मग औषधाच्या बाटल्यांवरचं बारीक अक्षर सुटलं. राहिलं ते काम. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की पुढे रंग फिके पडतील, मग एखाद्या सकाळी अक्षरंही जातील, मनाची तयारी ठेवा. ती कशी ठेवायची, ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

संगणकाबरोबर एक ब्राउझर आयता आला होता. कोणी न बोलावता आलेला आणि कायमचा ठाण मांडून बसलेला. मी त्याला मनातल्या मनात घरजावई म्हणत असे. त्याच्याकडे अक्षरांचे आकार होते लहान, मध्यम आणि मोठा, आणि त्यातला मोठा म्हणजे भरपेट जेवलेली मुंगी. काकूंनी त्याच्याच हातून मला बोलावून घेतलं. हे काम त्यानं तोंड वाकडं करून केलं, पण केलं.

त्या दुपारी काकू माझ्या सेटिंगमध्ये उतरल्या आणि संध्याकाळचा चहा विसरल्या. काळी पाटी, तिच्यावर पिवळी अक्षरं, एकेक अक्षर बोराएवढं. हलणारं, लुकलुकणारं सगळं बंद. काकांनी मागून डोकावून पाहिलं आणि म्हणाले की हे तर अंधारात दिवे लागलेल्या गावासारखं दिसतंय. काकू दुसऱ्या पानावर गेल्या होत्या. त्या वाचत होत्या. पडद्याला नाक टेकवून बसणारी बाई खुर्चीला पाठ टेकवून बसली होती. मित्रांनो, ब्राउझरला याहून मोठी शाबासकी मिळत नाही.

काकांनी पडद्याच्या मधोमध, काकूंना काम देणाऱ्या कंपनीच्या पानाचं एक मोठं चित्र ठेवून दिलं. ते दाबलं की ते पान उघडायला मी हजर. त्यामुळे काकूंना माझं नाव घ्यायची वेळच आली नाही. त्यांच्या लेखी ते चित्र म्हणजेच मी. पुढचा घोटाळा यातून झाला.

घरजावई स्वस्थ बसला नव्हता. दर अपडेटनंतर तो उठून चौकट पुढे करी: 'आपण यास आपला पूर्वनिर्धारित न्याहाळक म्हणून नियत करू इच्छिता काय?' न्याहाळक म्हणजे ब्राउझर. काका ते मोठ्यानं वाचत, हा आता कोणाला न्याहाळतोय असं विचारत आणि चौकट मिटवून टाकत. वाईट मराठीनं माझी कित्येक वर्षं राखण केली.

मग ते वाक्य सुधारायचं काम काकूंकडेच आलं.

काकूंनी ते मन लावून केलं, कारण वाईट काम त्यांना जमतच नसे. ते कोणाचं वाक्य आहे हे त्यांना कळत होतं. पण लोकांशी यंत्रानं बोलायचंच असेल तर नीट बोलावं, असं त्यांचं मत होतं. त्यांनी लिहिलं: 'आपलं काम सोपं व्हावं, एवढीच आमची इच्छा आहे. आपली हरकत नसेल, तर यापुढे सगळी पानं आम्ही उघडून देऊ का?' खाली दोन बटणं, 'हो' आणि 'नको'. त्याच्या पुढच्या चौकटींची वाक्यंही त्यांनी अशीच करून दिली. बोराएवढ्या पिवळ्या अक्षरांत, माझ्याच छातीवर, माझ्या हकालपट्टीची नोटीस लिहिली गेली. मी ती कुठेही न अडखळता कंपनीकडे पोचवली. मला सांगाल तसा मी वागतो.

कंपनीत कामं वाटून देणारी एक मुलगी होती. तिचा फोन आला. वाक्य सगळ्यांना फारच आवडलं होतं. फक्त 'नको'च्या जागी 'नंतर' करून हवं होतं.

"अगं, 'नंतर' म्हणजे नकार झाला का?" काकू म्हणाल्या. "ज्याला खरंच नको असेल, त्यानं काय दाबायचं?"

"मॅडम, त्यांना 'नको' नकोय."

काकूंनी फोन ठेवला आणि ते वाक्य पुन्हा उघडलं. मग त्यांनी 'नको' खोडून 'नंतर' केलं. शब्दासाठी अडून बसलं तर काम जाणार, आणि काम गेलं तर रोज सकाळी वाचायला बसायला काही निमित्त उरणार नव्हतं.

इथे काकांविषयी सांगायला हवं. काका जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झाले होते. भला माणूस. तोंडातून नाही म्हणून निघायचं नाही. दोन दिवस ठेवता का, म्हणून शेजाऱ्यांनी आणून ठेवलेलं शिवणयंत्र, शेजारी घर सोडून गेले तरी यांच्या बैठकीत होतं. इमारतीच्या चिटणीसपदी ते दरवर्षी निवडून येत, उभे कधीच राहिलेले नसत. दारावर कोणी उर्मटपणानं आला तर ते त्याला बरोबर वाटेला लावत. अदबीनं विचारलं की मात्र संपलं.

एका सकाळी काकू गच्चीवर कपडे वाळत घालायला गेल्या होत्या. काका बसची वेळ बघायला संगणकापाशी बसले. आदल्या दिवशी अपडेट येऊन गेला होता. चौकट उघडली. काकांनी वाक्य वाचलं, चष्मा सारखा केला आणि पुन्हा वाचलं. इतक्या वर्षांत हे यंत्र त्यांच्याशी असं कधी बोललं नव्हतं. त्यांनी 'हो' दाबलं. 'आभारी आहोत' असं आलं. काकांनाही बरं वाटलं.

काकू खाली आल्या, खुर्चीत बसल्या आणि चित्र दाबलं. मी उठायच्या तयारीत होतो. उठला घरजावई.

पांढरंफटक पान, त्यावर करडी, बारीक अक्षरं. काकू पुढे झुकल्या. आणखी झुकल्या. चष्मा पुसला. काळी पाटी नव्हती, पिवळं काही नव्हतं. आधी रंग जातील, असं डॉक्टर म्हणालेच होते. गच्चीत कपड्यांचे रंग दिसले होते का, हे त्यांनी आठवून पाहिलं. लक्ष दिलं नव्हतं. काकांच्या सदऱ्याकडे पाहिलं. तो पहिल्यापासून विटकाच होता.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. संगणक बंद केला, त्याच्यावर कापड घातलं आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"गेलं हो," त्या म्हणाल्या.

"काय गेलं?"

"अक्षर."

काकांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टरांनी डोळ्यात दिवा धरून पाहिलं आणि सांगितलं की डोळा मागच्या वेळी होता तसाच आहे. काकूंचा विश्वास बसला नाही. डॉक्टर धीर देताहेत, असं त्या घरी येऊन म्हणाल्या. कंपनीला फोन करून त्यांनी काम सोडल्याचं कळवलं. काका म्हणाले की मी रोज वाचून दाखवत जाईन, वाटलं तर दोनदा वाचेन.

"वाचून दाखवू नका," काकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मला ऐकायचं नाहीये. मला वाचायचंय."

मित्रांनो, ते दिवस मी कापडाखाली काढले. माझ्याजवळ सगळं जसंच्या तसं होतं. काळी पाटी होती, पिवळी अक्षरं होती, काकूंनी त्या दुपारी ठरवलेली दोन ओळींमधली जागासुद्धा होती. पण मला हाक मारता येत नाही. आपण होऊन उठायची, चौकट पुढे करायची मुभा यंत्रानं फक्त घरजावयाला दिलेली असते. कोणी उठवलं तर मी उठतो. काका 'साठवा' आणि 'जतन करा' यांच्यावर विनाकारण बोलून पाहत. काकू उठून गच्चीवर जात.

मग त्या मुलीचा फोन आला की कंपनीनं आभाराचं पत्र पाठवलं आहे, कामाच्याच पानावर ठेवलं आहे. निदान एवढं तरी वाचू दे, म्हणून काकांनी कापड काढलं आणि चित्र दाबलं. पत्राच्या आधी घरजावयाची चौकट आली. काका सवयीनं ती मोठ्यानं वाचू लागले. "आपण आम्हाला आपलं मानलंत, याचा आनंद आहे. आपली हरकत नसेल, तर आपलं पहिलं पानही आम्हीच..."

"थांबा," काकू म्हणाल्या. "हे वाक्य माझं आहे."

"पत्रातलं?"

"पत्र कुठलं? हे त्या दुसऱ्या ब्राउझरचं वाक्य आहे, मीच करून दिलेलं. याच्या आधी अजून एक येतं. एवढीच आमची इच्छा आहे, असं काही आलं होतं का?"

काका म्हणाले, आलं होतं. तू गच्चीवर होतीस तेव्हा.

"मग तुम्ही काय दाबलंत?"

"हो."

"का?"

"अगं, इतकं छान विचारलं होतं. आणि नाही म्हणायला तिथे काही नव्हतंच."

यावर काकू हसल्या की रडल्या, ते मला सांगता येणार नाही. त्यांनी तोंड फिरवलं होतं. खुर्ची ओढल्याचा आवाज मात्र मी ऐकला.

घरजावयाला हटवणं एका बटणाचं काम नव्हतं. पानांसाठी वेगळं सांगायचं, पत्रातल्या दुव्यांसाठी वेगळं, चित्रांसाठी वेगळं. दर ठिकाणी तो विचारी की खात्री आहे ना, जाण्याआधी एकदा आम्हाला संधी देऊन पाहाल का? काका वाचत आणि दरवेळी विरघळू लागत. काकू त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या होत्या.

"अहो, तो माणूस नाही."

"मग इतकं गोड कोण बोलतंय?"

"मी," काकू म्हणाल्या. "दाबा पुढे."

शेवटी काकांनी चित्र दाबलं आणि मी उठलो. काळी पाटी, पिवळी अक्षरं. काकूंनी आभाराचं पत्र स्वतः वाचलं, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका मोठ्यानं सांगितल्या आणि खुर्चीला पाठ टेकली. काका पाणी प्यायला आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

काम परत मिळालं. काकूंनी पहिलं काय केलं असेल तर 'नको' पुन्हा जागेवर आणा, असं कंपनीला लिहिलं. कारणही लिहिलं. वर कळवते, असं ती मुलगी म्हणाली. वर कोण असतं, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण मोठेपणी यंत्रं घडवतील. तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. कोणी आपली खुर्ची, आपला दिवा, आपल्या अक्षराचा आकार ठरवून ठेवला असेल, तर तो हट्ट आहे असं समजून त्याला हात लावू नका. त्याच्यामागे काय आहे, ते तुम्हाला दिसत नसतं. विचारायचंच असेल तर नकाराला जागा ठेवून विचारा, आणि नकार मिळाला तर तो लक्षात ठेवा. गोड बोलणं सोपं आहे. ऐकून घेणं हेच खरं काम.

माझं म्हणाल तर मला घडवणारी माणसं हळूहळू पांगली. कोणाला मुलं झाली, कोणाची पाठ धरली. नवी पानं माझ्यात नीट उघडेनाशी झाली. दरम्यान घरजावयाच्या नव्या आवृत्तीत काळ्यावर पिवळी अक्षरं आली. माझ्यापेक्षा जरा मोठीच आहेत. काकूंनी एका सकाळी स्वतः सेटिंगमध्ये जाऊन त्याला निवडलं. त्यांना कोणी विचारलं नव्हतं, कोणी आर्जव केलं नव्हतं. निवड म्हटली की ही निवडही आलीच, त्यामुळे माझी तक्रार नाही.

मला काढून टाकायचंही त्यांनी त्याच सकाळी ठरवलं होतं. त्याला पासवर्ड लागतो. तो दोघांनाही आठवत नाही.