आठ दिवसांचं तेज

माझ्या पार्लरमध्ये खुर्च्या दोनच, पण कधी रिकाम्या नसतात. का, ते सांगते. माझी क्रीम. पांढरी डबी, वर ना नाव ना गाव. आठ दिवसांत चेहरा असा उजळतो की नवरासुद्धा मान वर करून बघतो, आणि नवरे कशाला मान वर करतात! बायका विचारतात, "काय घालता हो यात?" मी म्हणते, "कोरफड आणि माझे हात." झाकली मूठ सव्वा लाखाची.

खरं सांगायचं तर त्यात असते साधी कोल्ड क्रीम, गोरं करायची एक ट्यूब आणि केमिस्टकडचं खाजेवरचं स्टेरॉइडचं मलम. मलमाच्या खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलंय, चेहऱ्यावर लावू नये, आठवड्यापेक्षा जास्त वापरू नये. मी वाचलं होतं. कंपन्या काय, स्वतःच्या अंगाशी येऊ नये म्हणून काहीही छापतात, म्हटलं.

माझी धाकटी बहीण, तिला आम्ही घरात चिमणी म्हणतो. आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची आणि मी अठराची. तिची वेणी, तिचा अभ्यास, तिची आजारपणं, सगळं मी काढलं. आता ती चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवायची, आरसा धरायचा, शोभतोय म्हणायचं. गेल्या वर्षी तिच्या नाकाच्या कडेला दोन लाल शिरा दिसायला लागल्या. केसाएवढ्या. आईलाही होत्या, आईचं काही अडलं नाही. पण दुकानात जिकडे बघावं तिकडे आरसे. पोरगी रडकुंडीला आली.

"ताई, काहीतरी कर ना गं."

मी डबी काढली. आठव्या दिवशी शिरा गेल्या आणि चिमणीनं माझ्या गळ्यात हात टाकले. मी इतकी फुगले म्हणून सांगू!

सहा महिन्यांनी दोनाच्या वीस झाल्या. दोन्ही गालांवर लाल जाळी. ऊन लागलं की लाल, चहा प्यायली की लाल. क्रीम लावली की दोन तास निवायचं. मग आम्ही दोनदा लावायला लागलो, मग तीनदा. एकदा तिनं दोन दिवस बंद करून बघितली, तर चेहरा सुजून भाजल्यासारखा झाला. तेव्हाच मला कळायला हवं होतं. कळलंही होतं. खोटं कशाला बोलू?

दुकानाच्या मालकानं तिला काउंटरवरून उचलून मागच्या खोलीत बसवलं, काचा घासायला. वर म्हणाला, "महिन्याभरात चेहरा निवळला नाही तर दुसरीकडे बघ. गिऱ्हाईक विचारतं, संसर्ग तर नाही ना?"

म्हणून आम्ही कातडीच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. बाहेर बाकावर माझंच एक गिऱ्हाईक बसलेलं, तसेच लाल गाल घेऊन. मला बघून हसली बिचारी. म्हणाली, "क्रीम संपत आलीय हं माझी."

डॉक्टरबाईंनी भिंगातून गाल बघितले आणि विचारलं, "काय लावता?"

"घरचंच," चिमणी म्हणाली. "ताई करते. कोरफडीचं."

डॉक्टरबाई माझ्याकडे वळल्या. "नक्की? मलम वगैरे काही नाही ना? शिरा लेसरनं घालवता येतील, पण स्टेरॉइडनं कातडी कागदासारखी पातळ होते. त्यावर लेसर मारला तर भाजेल. मला तसाच संशय येतोय."

मी तोंड उघडलं, एवढ्यात चिमणीच भडकली. "माझ्या ताईवर संशय घेता? आईच्या जागी आहे ती मला!"

आणि मी म्हटलं, "कोरफडच आहे."

बाकावरची ती बाई आठवली, पार्लर आठवलं, क्रीम नेणाऱ्या आणि उद्या मागे लागतील त्या चाळीस जणी आठवल्या. एवढंच कारण. डॉक्टरबाईंना पटलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "मग आधी थोड्याच जागी करून बघू, डाव्या गालावर. आठवड्यानं या."

आठवडा होता माझ्या हातात. सात सकाळी तिच्यासमोर चहाचा कप ठेवला आणि सातही वेळा म्हटलं, उद्या सांगते.

लेसरनंतर डाव्या गालावर फोड आला. फुटला, आणि नाण्याएवढा खड्डा राहिला, काळपट, कडेनं लाल. मालकानं महिना संपायचीसुद्धा वाट बघितली नाही. चिमणी भरदुपारी पर्स खांद्याला लावून सरळ पार्लरमध्ये आली आणि खुर्चीत बसली. नशिबानं दुसरं कोणी नव्हतं.

"मेली ती डॉक्टर," ती म्हणाली. "तक्रार करणार आहे मी तिची. तूच चांगली गं, तुझ्या हातानं निदान आग तरी थांबते."

तेवढं मात्र मला सोसलं नाही. म्हटलं, "कोरफड नाहीये ती." आणि सगळं सांगितलं. मलम, ट्यूब, खोक्यावरची अक्षरं, सगळं. "मला माहीत होतं," हेही सांगितलं.

ओरडली असती तर बरं झालं असतं. पायातली चप्पल काढून मारली असती तरी चाललं असतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, ती करणार काय? आरशात तिनं आधी स्वतःकडे बघितलं, मग मागे उभ्या माझ्याकडे. तिचे गाल तापत गेले, कानापर्यंत लाल झाले. डोळ्यांतून पाणी आलं आणि ते गालावर झोंबलं तशी ती कळवळली.

"आता काय करायचं?" मी विचारलं. मी, तिला विचारलं!

तिनं केस मागे घेतले, लहानपणी वेणीच्या वेळी बसायची तशी ताठ बसली आणि डोळे मिटून चेहरा वर केला.

"आग होतेय, ताई. आधी लाव. मग भांडू."

मी डबी उघडली. खड्डा चुकवून लावली, पातळच, नेहमीसारखी.