भिंतीवर अर्धंच मावलं

“रब्बाय, खरं बोलणं हीसुद्धा चुगली असते का?”

विचारलं एकदाचं! मागच्या बाकावर नोआ आणि केरेन तोंडावर हात दाबून बसल्या होत्या. “तुझी हिंमतच होणार नाही,” म्हणाल्या होत्या दोघी. असं कुणी म्हटलं की माझा हात आपोआप वर जातो.

जोहान्सबर्गमधल्या आमच्या ज्यू शाळेच्या फाटकातून आत शिरलं की समोरच्या भिंतीवर हातभर उंच अक्षरं: ‘जीभ सांभाळा.’ आणि नुसतं लिहून थांबत नाहीत. दर शुक्रवारी मधल्या सुट्टीत, समोर नसलेल्या माणसाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. चांगलंसुद्धा नाही, कारण चांगल्यामागून ‘पण’ यायला कितीसा वेळ लागतो? सुरुवातीला जीव जातो, मग सवय होते. आम्ही तर इतक्या तरबेज झालो की आमच्या नेटबॉलच्या टीममधल्या डाल्याबद्दलही गप्प बसलो.

“कुणाबद्दल विचारतेयस, गिला?” आमचे धर्मगुरू, रब्बाय हिर्शोविट्झ म्हणाले.

“नाव सांगितलं तर चुगली नाही का होणार?”

वर्ग खिदळला. रब्बायही हसले, पण म्हणाले, “तास संपला की थांब.”

थांबले आणि सगळं सांगितलं. आमच्या नेटबॉलच्या मिस रोमी डाल्याला सगळ्यांसमोर वजनकाट्यावर उभं करतात. “शुक्रवारचा सगळा हाल्ला पाव तूच खाल्लास वाटतं?” म्हणतात. डाल्या आता डब्यातला पाव हाडेडा पक्ष्यांना घालते. परवा ती कोर्टवर चक्कर येऊन पडली. आम्ही सगळ्यांनी पाहिलं आणि जिभा सांभाळत घरी गेलो.

रब्बायांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मिस रोमींशी बोललीस?”

“बोलले. ‘तू तुझे पास नीट दे,’ म्हणाल्या.”

“आणि डाल्याशी?”

अरे देवा. हे सुचलंच नव्हतं मला.

“भिंतीवर अर्धंच मावलं, गिला,” ते म्हणाले. चहाड्या करू नका असं सांगितल्यावर आमचा धर्मग्रंथ तोरा तिथेच, त्याच दमात, शेजाऱ्याच्या जिवावर बेतलेलं असताना बघत उभे राहू नका असंही सांगतो म्हणे. “मी मुख्याध्यापिकांशी आजच बोलतो. पण मी ऐकलंय, तू पाहिलंयस. तुलाही सांगावं लागेल. जो थांबवू शकेल त्यालाच सांगायचं. पाहिलं तेवढंच. मीठमसाला नको. आणि सांगताना मजा यायला लागली तर तिथेच थांब.”

मजा कसली! मिस रोमी म्हणजे माझी रोमी मावशी, आईची शाळेपासूनची मैत्रीण. मला पोहायला तिनं शिकवलं. दर शुक्रवारी रात्री, म्हणजे आजही, ती आमच्याकडे जेवायला असते.

डाल्या फाटकापाशी भेटली. मी काय केलं आणि काय करणार ते ऐकून भडकलीच. “वेडी आहेस का? टीममधून काढतील मला!”

“रब्बायांना सांगून झालंय, पण तू नको म्हणालीस तर यापुढे तुझं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. पण मी पाहिलंय ना गं. ते कसं विसरू?”

मी डबा पुढे केला. त्यातल्या किखल बिस्किटाचा एक कोपरा तोडून ती बराच वेळ चघळत राहिली. मग म्हणाली, “एकटी जाऊ नकोस. गोष्ट माझी आहे.”

घरी आले तेव्हा बाबा शब्बातच्या, म्हणजे सूर्यास्ताला सुरू होणाऱ्या आमच्या पवित्र दिवसाच्या, मेणबत्त्या मांडून ठेवत होते आणि आई टेबलावर ताटल्या मांडत होती. आमच्या तीन, रोमी मावशीची एक.

“आई, बाबा, ऐका.” मी दप्तर खाली ठेवलं. “मावशी सरावात डाल्याशी कशी वागते ते सांगायला मी आणि डाल्या सोमवारी मुख्याध्यापिकांकडे जाणार आहोत.” आणि पाहिलं तेवढंच सांगितलं.

आईचा हात ताटलीवरच राहिला. बाबा म्हणाले, “शब्बातच्या तोंडावर चुगल्या नकोत, गिला.”

“हा अर्धा नियम झाला, बाबा.”

“अगं, ती आपल्या टेबलावर जेवते!” आई म्हणाली.

“म्हणूनच तर. ती आली की दार मी उघडणार आणि आधी तिलाच सांगणार. पाठीमागे काही नाही. मग तिला जेवायला बसायचं असेल तर तिची ताटली आहेच.”