वेशीतलं पागोटं

अरे थांबा, थांबा! त्या हँडबिलावर एवढ्या उड्या मारू नका. दे इकडे, पोपट. खाली काय छापलंय ते वाचलंस का? ‘श्रोत्यांनी आपापल्या घराण्यांतील जुन्या चालीरीती चिटणिसांस आगाऊ कळवाव्या, वक्ते त्यांवर प्रकाश पाडतील.’ आणि तू लगेच जाऊन कळवून आलास! तुमच्या घरी होळीत नारळ पाठमोरं उभं राहून टाकतात, तेच ना? हसतोस काय? बस खाली. तानाजी, तूही बस. तळ्यावर वारा सुटलाय, घरी जाऊन तरी काय करणार आहात. ऐका.

तुम्हाला वाटतं मी सुट्टीत कल्याणला आंबे खात पडलो होतो. आंबे गेले खड्ड्यात. आमच्या वाचनालयानं यंदा पहिल्यांदाच इतिहासाची व्याख्यानं ठेवली होती, आणि वक्ते कोण? हेच, या हँडबिलावरचे! विश्रामपंत. मुंबईच्या कॉलेजात शिकवतात ते. आमच्याही हँडबिलावर हीच ओळ होती, अगदी हीच.

दौलत आठवतो ना? गेल्या साली माझ्याकडे आलेला, या तळ्यात तुमच्याआधी पलीकडे पोचलेला, तो. त्याचे वडील गुणाजीराव, बंदरावर भाताच्या वखारीत मुकादम. आता बंदराकडे जायचं म्हणजे आमची जुनी वेस लागते, आणि त्यांच्या घरची एक चाल आहे. वेशीखाली आलं की घरातला पुरुष पागोटं उतरवतो, काखेत धरतो, मुकाट चालतो, आणि पलीकडे गेला की परत चढवतो. पावसात, उन्हात, डोक्यावर ओझं असलं तरी ते खाली ठेवून. का? तर कुठल्याशा जुन्या वेढ्यात त्यांचा मूळपुरुष त्या वेशीत लढता लढता पडला. त्याचं रक्त सांडलं तिथे डोक्यावर काही ठेवायचं नाही. गावही तेच मानायचं, रे! गुणाजीराव बोडक्या डोक्यानं येताना दिसले की भाजीवाल्या पाट्या मागे ओढायच्या. दसऱ्याला पहिलं सोनं त्यांच्या हातावर.

आणि नेमकं तेव्हाच रतनचं, म्हणजे दौलतच्या बहिणीचं, जुळत आलेलं. मुलगा इथलाच, ठाण्याचा, कोर्टातल्या नाझरांचा. सगळं पसंत, फक्त सुपारी फुटायची राहिलेली. नाझर एवढंच म्हणाले, “घराणं कसं आहे ते जरा कळलं म्हणजे झालं.” आता स्वतःच्या तोंडानं कसं सांगायचं? गुणाजीरावांना वाटलं, एवढा मोठा वक्ता येतोय, त्याच्याच तोंडून ऐकू दे. त्यांनी दौलतला अण्णांकडे पाठवलं. अण्णा म्हणजे आमचे मास्तर, वाचनालयाचे चिटणीस. अण्णांनी ती चाल पंतांना कळवली, पण नाव नाही घातलं. भर सभेत कुणा एकाचं नाव घेणं म्हणजे खुशामत दिसते म्हणाले. “येथील एक घराणे”, एवढंच.

त्या रविवारी गुणाजीराव नाझरांना स्टेशनावरून घेऊन आले. सरळ रस्ता सोडून मुद्दाम वेशीतून आणलं, रे. नाझरांसमोर पागोटं उतरवलं. दौलत सांगत होता, बाबांची छाती अशी फुगलेली.

माझ्याकडे गुलाबदाणीचं काम. मी दारातच उभा, त्यामुळे सगळं दिसत होतं. वाचनालयाच्या माडीवर पाय ठेवायला जागा नाही. अध्यक्ष मुन्सफसाहेब. पुढच्या बैठकीवर नाझर, शेजारी गुणाजीराव, मागे दौलत. आणि पंत बोलतात काय सुंदर! खोटं कशाला सांगू, मीसुद्धा तोंड उघडं टाकून ऐकत होतो. हसवलं, वेढ्यातली उपासमार सांगितली तेव्हा बायकांच्या बाजूनं मुसमुसणं ऐकू आलं. मग एकदम म्हणाले, “मंडळी, आपल्याच गावची एक चाल घ्या.” गुणाजीरावांनी उपरणं सारखं केलं.

“मला सांगा, आपल्यात मान द्यायचा तर डोक्यावर पागोटं घालतात की डोक्यावरचं काढतात?”

लोक म्हणाले, “घालतात!”

“मग भर रस्त्यात माणूस बोडका कधी चालतो? घरात कोणी मेलं तर. आणि पंचांनी शिक्षा दिली तर. मेलेल्याचं सुतक पिढ्यान् पिढ्या चालत नाही, मंडळी. शिक्षा चालते. माझा तर्क असा, की ती वेस पडली नाही, आतून उघडली गेली. ज्यानं उघडली, त्याच्या वंशाला गावानं ही मान खाली घालायला लावली. आणि काळाची गंमत बघा, शिक्षेचाच मान झाला!”

टाळ्या पडल्या, रे! कोडं सुटलं की माणसाला बरं वाटतं ना, तशा कडकडून टाळ्या. मग जे पुढे बसलेले त्यांचे हात हळूहळू थांबले. मागचे वाजवतच होते, त्यांना पुढचे चेहरे दिसत नव्हते.

मुन्सफसाहेबांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, “कोणास काही शंका?” गुणाजीराव उठले.

“याला... याला पुरावा काय, पंत?”

“कागद नाही,” पंत अगदी नम्रपणे म्हणाले. “पण आपल्याकडे दुसरा अर्थ असेल तर सांगा. मी आनंदानं ऐकेन.”

काय सांगणार? मुकादम माणूस. “आमच्याकडे असंच सांगत आलेत,” एवढंच म्हणाले. मागून कोणीतरी फिसकन हसलं.

मग पानसुपारी. मी गुलाबपाणी शिंपडत पुढे गेलो, अण्णांनी नाझरांपुढे विडा धरला. नाझरांनी हात मागे घेतला. “मला गाडी गाठायची आहे.” गाडीला अजून पुष्कळ अवकाश होता. तरी ते जिना उतरून गेले, गुणाजीरावांकडे न बघता.

ते घराणं यांचंच, असं अण्णांनी पंतांच्या कानात सांगितलं तेव्हा पंत पांढरेफटक पडले, हे मी पाहिलंय. वाईट माणूस नाही तो. गुणाजीरावांनी हात जोडले. “पंत, एकदा परत उभं राहून म्हणा, की हे नक्की नाही.”

“अहो, मी तर्कच म्हटलं ना.”

“लोकांनी तो शब्द नाही ऐकला.”

“त्याला मी काय करू, मुकादम?”

दुसऱ्या दिवशी सकाळी वेशीपाशी गर्दी. कशाला? तर बघायला! गुणाजीराव आले, हात पागोट्याकडे गेला, आणि न्हाव्याच्या ओट्यावरून कोणीतरी ओरडलं, “काढा, काढा! पंचांचा हुकूम आहे!” हात तसाच राहिला. मग खाली आला. ते वळले आणि खाडीच्या कडेनं, चिखलातून, तिवरांतून बंदरावर गेले. त्या दिवसापासून रोज तसेच जायला लागले.

दौलतनं किती सांगितलं! “बाबा, घालूनच चाला ना वेशीतून. कोण काय करतो ते बघू.” तर म्हणाले, “घालून गेलो तर बापजाद्यांना खोटं पाडलं. काढून गेलो तर त्या पंतांना खरं केलं. सांग, कसा जाऊ?”

ठाण्याहून निरोप आला, पत्रिका जुळत नाहीत. आधी जुळलेल्या, आता नाही. रतन रडली नाही. म्हणाली, “मला नकोच ते घर. पण दादा, बाबांना चिखलातून जाऊ देऊ नकोस.”

अमावास्येची भरती, रे. वखारीतून निघायला संध्याकाळ झाली. हमाल ओरडले, “मुकादम, पाणी चढलंय, आज वेशीतून जावा!” त्यांनी नुसता हात वर केला. पागोटं तिवरांत अडकलेलं सापडलं. मुकादम कोळ्यांना पुढे मिळाले, पुलाच्या अंगाला.

नको, तानाजी, मध्ये बोलू नकोस. पुढचं सांगू दे, नाहीतर मला सांगता यायचं नाही.

आमचं स्मशान बंदराच्या बाजूला. तिरडीला दुसरी वाट नाही, वेशीतूनच न्यावी लागते. पुढे दौलत, हातात मडकं, बोडका. आणि मागे अख्खं गाव. अण्णा होते. टाळ्या वाजवणारे होते. न्हाव्याच्या ओट्यावरचेसुद्धा होते, सगळे खाली मान घालून. आता प्रेताबरोबर पागोटं कोण घालतो? वेशीखालून त्या दिवशी जो गेला तो बोडकाच गेला. वेशीत पोचल्यावर दौलतनं मान वळवली आणि मागे बघितलं. सगळ्यांकडे, एकेकाच्या डोक्याकडे. रडत नव्हता. मला त्याच्याकडे बघवेना.

म्हणून म्हणतो, पोपट, उद्या सकाळी चिटणिसांकडे जा आणि तो नारळ परत माग. काय करायचं ते तुमच्या घरात करा, तुमचं तुम्हाला ठाऊक.

आणि हे वाचलंस? तुझं बोट होतं त्याच्यावर. ‘कल्याणच्या वेशीचे मनोरंजक उदाहरण.’ ही हँडबिलं आधीच छापून झालेली म्हणे. पंतांना गुणाजीरावांचं कळलंय की नाही, कुणास ठाऊक. कळलं असेल तर गाळतील. नाहीतर परत ते पागोटं, परत ते कोडं, परत टाळ्या.

दौलत येतोय रविवारी, या व्याख्यानाला. पुढच्या बैठकीवर जागा धर म्हणाला, म्हणून मी लवकर आलो. मी विचारलं, “शंका विचारणार?” म्हणाला, “नाही. बाबांनी विचारली होती. मी नुसता बसणार, पंतांच्या समोर.” डोकं भादरलेलं आहे त्याचं. काही घालणार नाही म्हणाला.

एकटा बसेल रे तो. तुम्ही येणार असाल तर या, पण टोप्या घरी ठेवून या. शिव्या बसतील घरी. बसू देत.