फुकटचा राखणदार

धैर्यशीलच्या कॉम्प्युटरच्या दुकानासमोर उभी राहून मी जे बोलले ते मंगळवार पेठेतल्या निम्म्या लोकांनी ऐकलं आणि उरलेल्या निम्म्यांना त्यांनी सांगितलं. बत्तीस वर्षं शाळेत शिकवल्यावर आवाज कमी करायची सवयच जाते.

"तुला विचारलं होतं ना मी, पैसे भरून चांगला अँटीव्हायरस घालू का म्हणून? तूच म्हणालास, बाई, घरच्या कॉम्प्युटरला फुकटचा पुरतोय. पुरला का? माझ्या आप्पांच्या सातही वह्या गेल्या!"

तो काउंटरमागं उभा राहून ऐकत होता. एकदा "बाई, आत बसून बोलू," म्हणाला. मी बसले नाही. वर, तुझ्यावर विश्वास ठेवला तिथंच माझं चुकलं, असंही सुनावून आले. माझ्याच हाताखाली शिकलेलं पोरगं ते, आता चाळिशीला आलेलं.

आप्पा म्हणजे माझे वडील, रुद्राप्पा. नृसिंहवाडीजवळच्या आमच्या गावात ते गुरांना औषध द्यायचे. कुठला पाला, किती, कुणाच्या म्हशीला गुण आला, कुणाच्या बैलाला नाही, सगळं वह्यांत लिहिलेलं, अर्धं कानडी आणि अर्धं मराठी. जिथं गुण आला नाही तिथं खाली 'चूक माझी' लिहून तारीख घातलेली. दोन हजार एकोणीसच्या महापुरात घरात पाणी शिरलं तेव्हा माझ्या धाकट्या भावानं, शशिधरनं, टीव्ही माळ्यावर चढवला आणि वह्या कपाटाच्या खालच्या खणात राहिल्या. मी तेव्हा त्याला एका शब्दानं बोलले नाही. पाणी चढायला लागलं की माणूस हाताला लागेल ते उचलतो.

त्या वह्या मी कोल्हापूरला आणल्या, पंख्याखाली वाळवल्या आणि भिंग लावून पाच वर्षं एकेक ओळ कॉम्प्युटरवर उतरवली. आता मूळ पानांना हात लावला तर भुगा होतो. जे काही होतं ते त्या मशीनमध्येच होतं.

धैर्यशीलनं अँटीव्हायरस घातला तेव्हा दोन गोष्टी बजावल्या होत्या. तो कधी बंद करायचा नाही, आणि वह्यांची प्रत पेनड्राइव्हवर घेऊन पेनड्राइव्ह कपाटात ठेवायचा. प्रत मी घेत होते, पण पेनड्राइव्ह काढायचा कंटाळा. तो बारा महिने मशीनलाच खोचलेला असायचा, म्हणून मशीनबरोबर तोही गेला. ही चूक माझी. पण त्या दिवशी दुकानासमोर ती माझ्या तोंडून निघाली नाही.

शशिधर तेव्हा माझ्याकडेच मुक्कामाला होता. त्याच्या मुलीचं, पवित्राचं, लग्न ठरलं होतं आणि लग्नाची खरेदी चालली होती. सोमवारी दुपारी माझी एक फाईल उघडेना, मग दुसरी उघडेना. बघते तर सगळ्यांची नावं बदललेली, आणि पडद्यावर इंग्रजीत धमकी: डॉलरमध्ये पैसे भरा, नाहीतर फायली विसरा. शशिधर मागं येऊन उभा राहिला.

"फुकट ते पौष्टिक म्हंत्यात ते ह्ये असं, अक्का," तो म्हणाला. "त्या धैर्यशीलला जाऊन इच्चार की! मास्तरणीला फसिवतोय म्हंजे काय?"

"तू पण चल."

"मी हितंच थांबतो. वायरी-बियरी बघतो."

मी चपला सरकवल्या आणि गेले. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

आठवड्यानं मशीन उचलून शाहूपुरीतल्या एका मोठ्या दुकानात नेलं. आता महागातला अँटीव्हायरसच घालायचा, असं ठरवूनच गेले होते. तिथं तेजस्वी नावाची इंजिनिअर मुलगी होती. तिनं बराच वेळ खटपट केली आणि मान हलवली.

"मॅडम, फायली परत मिळणं अवघड हाय. पण ह्या फुकटच्याला शिव्या कशाला देताय? ह्यानं तर तीनदा अडवलंय की."

तिनं अँटीव्हायरसची नोंद उघडून दाखवली. शनिवार, दुपारी चारच्या सुमाराला एकच फाईल तीनदा अडवलेली. चार वाजून दहा मिनिटांनी कुणीतरी अँटीव्हायरसच बंद केलेला.

"आपोआप होत न्हाय हे. 'नक्की बंद करायचं का' म्हणून विचारतंय ते. माणसानं 'होय' दाबलंय."

फाईल होती लग्नपत्रिकेच्या नक्षीदार अक्षरांची. चोरीचं सॉफ्टवेअर असतं ते, तेजस्वी म्हणाली, आणि सोबत सूचनाही असते की आधी अँटीव्हायरस बंद करा. "चोर म्हणतोय कुत्रं बांधा, आणि माणसं बांधत्यात."

शनिवारी दुपारी मी जुन्या शिक्षकांच्या मेळाव्याला गेले होते. घरात एकटा शशिधर होता, पवित्राची पत्रिका करत बसलेला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. तरी रिक्षात बसल्याबसल्या मी त्याचीच बाजू घेत होते. त्याला कुठलं कळतंय त्यातलं? कुणीतरी दिलं, त्यानं घातलं. आपल्यामुळं झालं हे त्याला अजून ठाऊकही नसेल.

रिक्षा तशीच धैर्यशीलच्या दुकानाशी थांबवली. रस्त्यावर बोलले होते, म्हणून माफीही रस्त्यावरच उभी राहून मागितली, तेवढ्याच मोठ्यानं. बिचारा लाजून बाहेर आला आणि मला आत घेऊन गेला.

"पण तू का गप्प बसलास?" मी विचारलं.

"तुमचं लग्नघर, बाई. रस्त्यावर तुमच्या भावाचं नाव कसं घेणार?"

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"त्यांनी अजून सांगितलं न्हाय? रविवारी संध्याकाळी आलते की हितं. पत्रिकेचं फोल्डर उघडंना म्हणून. अँटीव्हायरस बंद करून अक्षरं घातली म्हणाले. मी म्हटलं, मशीन जुनं हाय, व्हायरस हळूहळू एकेक फोल्डर खात चाललाय. चालू करू नका, बाईंना आत्ताच्या आत्ता सांगा, सकाळी मी येतो. तर म्हणाले, मीच सांगतो, तुम्ही येऊ नका."

"रविवारी वह्या शाबूत होत्या?"

"असणार, बाई. मीच तुम्हाला फोन लावायला पाहिजे होता. ते चुकलंच माझं."

सोमवारी सकाळी मी मशीन चालू केलं तेव्हा शशिधर समोर पोह्यांची बशी घेऊन बसला होता. सातव्या वहीची शेवटची पानं तपासायची होती. त्यात त्याच्या कालवडीचं निघालं, म्हणून मी कौतुकानं वाचून दाखवलं: 'शशीच्या कालवडीला आज उतार. पोरगं गोठ्यातच झोपलं.' तो हसला. "आप्पा बी काय काय लिवायचे," म्हणाला, आणि आणखी पोहे मागून घेतले. मशीन चार तास चालू होतं.

शशिधर दोन दिवसांपूर्वीच गावी परतला होता. घरी येऊन त्याला फोन लावला.

"रविवारीच तुला कळलं होतं?"

"लग्नाच्या तोंडावर तू घर डोक्यावर घेतलं असतंस, अक्का. व्याह्यांच्या कानावर गेलं असतं."

"कारण नको सांगूस. मशीन लावू नको, एवढंच म्हणायचं होतंस. मी लावलं नसतं."

"झालं की आता. आणि तसं बी ते वाचणार कोण हुतं?"

"मी वाचत होते, शशी," मी म्हटलं. "तुलाच वाचून दाखवत होते."