उरलेल्या गोळ्या

डॉक्टरीणबाईंनी मावशीच्या दंडाला पट्टा आवळला आणि दोन बाटल्यांत रक्त घेतलं. मावशीला हुडहुडी भरली होती. तिच्या थरथरण्याने पलंगाची दांडी खडखडत होती.

"रक्तात जंतू शिरलेले दिसतायत. लघवीच्या जळजळीतूनच," बाई म्हणाल्या. "गेल्या काही महिन्यांत यांनी अँटिबायोटिक घेतलंय का?"

"छे," मावसभाऊ म्हणाला. "आई दवाखान्याची पायरी चढत नाही. आणि काही लागलंच तर ताई आहे ना. पंधरा वर्षं मेडिकलच्या दुकानात काढलीत तिने. आमची घरचीच डॉक्टर."

ताईने मावशीच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. ते सारखंच होतं. बाईंनी कागदावर 'नाही' लिहिलं आणि त्या बाहेर गेल्या.

आई गेल्यावर ताईला मावशीनेच वाढवलं होतं. हल्ली मावशीचा फोन आला, की आवाज खाली गेलेला असायचा. "पुन्हा तेच गं. या वयात डॉक्टरला काय सांगू?" मग ताई दुकानातून निघताना गोळ्यांची एक पट्टी पर्समध्ये टाकायची. दोन दिवसांत आराम पडायचा, मावशी गोळ्या थांबवायची, उरलेल्या गोळ्या बिस्किटांच्या डब्यात जायच्या. पुढच्या वेळी आधी त्याच निघायच्या. ताईला हे माहीत होतं. काउंटरवर अनोळखी माणसाला ती रोज बजावायची, मध्येच सोडू नका हं.

ती उठली. बाई नर्सच्या टेबलापाशी उभ्या होत्या.

"घेतल्यात त्यांनी," ताई म्हणाली. "पाच महिन्यांत चार वेळा. मीच दिल्या, कुणाला न विचारता. एकदाही पूर्ण घेतल्या नाहीत."

तिने गोळीचं नाव सांगितलं. बाईंचं पेन थांबलं.

"त्याच जातीचं इंजेक्शन लावणार होते मी," त्या म्हणाल्या. त्यांनी लिहिलेली ओळ खोडली, खाली दुसरं औषध लिहिलं आणि नर्सला हाक मारली. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ताईला वाटलं.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. बाईंनी आधी लिहिलेलं औषध त्या जंतूंवर चाललंच नसतं. पाचव्या दिवशी ताप उतरला आणि मावशीने चहा मागितला.

मामा भेटायला आले तेव्हा मावसभाऊ मोसंबं सोलत होता. "ताईने डॉक्टरांना वेळेवर सांगितलं, म्हणून आई वाचली," तो म्हणाला.

"काय सांगितलं?" मामांनी विचारलं.

मावसभावाने ताईकडे पाहिलं. त्यालाही ते ठाऊक नव्हतं.

"जाऊ दे ना आता," मावशी घाईने म्हणाली. "झाले ना मी बरी."

"मावशीला गोळ्या मीच देत होते," ताई म्हणाली. "मनानेच. अर्धवट खाऊन खाऊन ते औषध तिला लागू पडेनासं झालं. हे दुखणं इतक्या थराला गेलं, त्यात माझा हात आहे."

मामा खिडकीकडे बघत राहिले. मावशीने डोळे मिटून घेतले. मावसभाऊ आता तोंड सोडेल, म्हणून ताई खाली मान घालून बसून राहिली.

 तो हळूच म्हणाला,

"ताई, मागच्या आठवड्यात माझ्या छोटीच्या सर्दीला गोळ्या दिल्यास, त्या कुठल्या?"

"त्याच," ताई म्हणाली.

त्याने अर्धं सोललेलं मोसंबं टेबलावर ठेवलं, हात शर्टाला पुसले आणि घरी फोन लावत तो बाहेर गेला.