प्लास्टिकवर अंथरलेली

मी चादर बोलतेय. पांढरी, निव्वळ सुती, भंडारदऱ्याच्या एका छोट्या हॉटेलातली. आवाज सपाट वाटला तर वाटू द्या. गरम पाणी, ब्लीच आणि इस्त्री यांतून इतक्यांदा गेले की आता फारसं काही जाणवत नाही.

माझा कापूस कुठल्या शेतातला, मला ठाऊक नाही. गिरणीत सूत झाले, मागावर चढले, शुभ्र झाले, घडी होऊन खोक्यात बसले. मला इथे आणलं राजनंदिनीनं. हॉटेलचे मालक आप्पासाहेब, त्यांची ही मुलगी. हॉटेल चालवायचं शिक्षण नाशिकला घेऊन नुकतीच परतली होती. तोवर इथे मोठाल्या फुलांच्या पॉलिस्टरच्या चादरी होत्या.

"त्यांना काय धाड भरलीय?" आप्पासाहेब म्हणाले. "डाग दिसत न्हाई, इस्त्री लागत न्हाई, लगीच वाळत्यात."

"आणि झोप लागत नाही, आप्पा. पॉलिस्टर घाम टिपत नाही."

"पाव्हणं इथं काजवं बघाया येत्यात. झोपाया घरं हायेत त्यास्नी."

मला अंथरलं तेव्हा खालून करकर आवाज आला. राजनंदिनीनं कोपरा उचलून पाहिलं. गादी जुनी झाली होती, पण तिच्यावरचं दुकानातलं प्लास्टिक तसंच होतं. या घरात रिमोटला प्लास्टिक, जीपच्या सीटांना प्लास्टिक, सोफ्याला प्लास्टिक. वस्तू वापरायला आणायची आणि वापरापासूनच वाचवायची. मोठ्या माणसांचं हे शहाणपण मला कधी कळलं नाही.

तिनं ते फाडून काढलं. दुसऱ्या दिवशी आप्पासाहेबांनी राजूरच्या बाजारातून नवं आणून चिकटपट्टीनं गुंडाळलं. तिनं पुन्हा फाडलं, त्यांनी पुन्हा गुंडाळलं. मी त्या गुळगुळीत प्लास्टिकवरून घसरून सकाळी पाहुण्यांच्या पायाशी गोळा झालेली असायची. पाहुणे मलाच नावं ठेवायचे. ठेवू देत.

मग इगतपुरीच्या एका मोठ्या हॉटेलातून राजनंदिनीला नोकरीचं बोलावणं आलं. मे महिना होता. ती वडिलांना या खोलीत घेऊन आली.

"आप्पा, तुमच्या हॉटेलात तुम्ही एकदाही झोपला नाहीत. आज दुपारी इथे झोपा आणि उठल्यावर खरं सांगा. उकडलं म्हणालात तर प्लास्टिक काढू, मी इथेच राहते. छान झोप लागली म्हणालात तर माझं इथे काही काम नाही."

"बापाची परीक्षा घेतीस व्हय गं?"

"घेते. आजवर कुणी घेतलीच नाही."

ते आडवे झाले. या कुशीवरून त्या कुशीवर वळले. सदरा काढला. पंखा वाढवला. मी जितका घाम शोषता येईल तितका शोषला. खाली प्लास्टिक, पुढे जायला वाट नव्हती. त्यांचा डोळा लागला नाही.

ती आली तेव्हा मागे खोल्यांची साफसफाई करणारा गोरक्षही होता. आप्पासाहेबांनी आधी गोरक्षकडे पाहिलं. नोकरासमोर मालक हरतो कसा?

"कशी लागली झोप?"

"लई भारी."

मी सुती. ओल लपवणं मला येत नाही. त्यांची अख्खी पाठ माझ्यावर उमटली होती. राजनंदिनीनं त्या ओलीवरून हात फिरवला. भांडेल असं वाटलं होतं. ती फक्त "बरं" म्हणाली. दुसऱ्या दिवशी घोटीच्या जीपमध्ये बॅग टाकून ती गेली.

आता बाकी खोल्यांत फुलांच्या चादरी परत आल्यात. ही खोली आप्पासाहेब पाहुण्यांना देत नाहीत. रोज दुपारी येतात, मला पलंगावरून ओढतात, गार फरशीवर अंथरतात आणि घोरू लागतात. गादीवरचं प्लास्टिक मात्र काढत नाहीत. मी मधोमध विरलेय. गोरक्षनं मला फडक्यांसाठी मागितलं, तर त्याच्यावरच खेकसले.

काल तिचा फोन आला तेव्हा ते माझ्यावरच पडले होते.

"झोपला होतात? कुठे?"

"गादीवर. दुसरं कुठं झोपनार?"

 कामात आहे म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

आप्पासाहेब, मी फाटायला आले. फडकी करा, पुसायला घ्या, माझं काही म्हणणं नाही. फक्त पुढच्या फोनला, गोरक्ष समोर असला तरी, "खाली फरशीवर झोपतो गं" एवढं म्हणा. इगतपुरी काही लांब नाही.